कुतूहलाला दिवसा जागा हवी

सिडकोतल्या एखाद्या घरातली नेहमीची रात्र डोळ्यांसमोर आणावी. जेवणे आटोपली आहेत, ओटा पुसून झाला आहे आणि घरातल्या बाईंना फक्त एवढेच पाहायचे आहे की उद्या नळाला पाणी येणार का. छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. आज आपला वॉर्ड की उद्या, पहाटे की दुपारी, हा घरोघरचा प्रश्न. साडेदहाला फोन हातात येतो. पाण्याची वेळ दोन मिनिटांत कळते : पहाटे पाच. पण त्या बातमीच्या खालीच शहरातल्या जुन्या नहरींवरचा एक लेख असतो. विजेचा पंप नसताना, सतराव्या शतकात, या शहराला जमिनीखालच्या मार्गाने निव्वळ उताराच्या जोरावर पाणी कसे येत होते? बोट त्या लेखावर पडते.

नहरींवरून मलिक अंबर. १६१० मध्ये खडकी गावाच्या जागी नगर वसवणारा निजामशाहीचा हा कर्ता वजीर मूळचा इथिओपियाचा, लहान वयात गुलाम म्हणून विकला गेलेला. मग इथिओपियातून दख्खनेत आलेले हबशी, मग जंजिऱ्याचे सिद्दी, मग पुन्हा इथिओपिया, कारण कॉफीचे झाडही मूळचे तिथलेच. कॉफीवरून कॅफीन. ते पहिल्यांदा वेगळे काढणारा जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंग याने मांजराच्या डोळ्यावर बेलाडोनाचा परिणाम महाकवी गटेला करून दाखवला आणि खूश झालेल्या गटेने त्याला तपासायला कॉफीच्या बिया दिल्या. साल १८१९. हे साल आधी कुठे तरी वाचलेले! मग अजिंठा. मग कॅफीनने झोप कशी उडते, मेंदूत जागेपणी साचत जाणारे अडेनोसिन म्हणजे काय... आणि घड्याळात सव्वा वाजलेला. झोप का येते याचे रसायनशास्त्र वाचण्यात झोपेचे पावणेतीन तास गेले. पाणी मात्र पाचलाच येणार.

अशा रात्रीनंतर घरात काय ऐकू येते ते ठरलेले असते. ‘फोनचे वेड लागलेय.’ दवाखान्यात डोकेदुखीची तक्रार घेऊन गेले तर स्क्रीन टाइम कमी करण्याचा सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा नाही, ढोबळ आहे. एकामागून एक रील सरकवत बसलेला मुलगा आणि मलिक अंबरापासून कॅफीनपर्यंत पोहोचलेली ही बाई, या दोघांना एकाच तराजूत तोलले जाते. तास सारखे भरतात, पण मेंदूत घडते ते सारखे नसते. आणि रोग कुठे आहे तेही या सल्ल्यात सापडत नाही. कुतूहल हा रोग नव्हे. दिवसभरात त्याला पाच मिनिटांचीही जागा न ठेवणे आणि मग ते रात्री झोपेच्या वेळेत घुसले की त्याच्यावरच ओरडणे, दुखणे इथे आहे.

कार्नेगी मेलन विद्यापीठातले जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाची जी मांडणी केली ती आजही वापरली जाते. माणसाला जे माहीत आहे आणि जे माहीत हवेसे वाटते, त्यांच्यातली फट दिसली की कुतूहल जागे होते. ज्या विषयातले काहीच ठाऊक नाही त्याची ओढ लागत नाही, सगळेच ठाऊक आहे त्याचीही नाही. अर्धवट ठाऊक असलेली गोष्ट मात्र खाज सुटावी तशी छळते. इंटरनेटवरचे पान नेमके हेच करते. वाक्यात एक निळा शब्द असतो, त्याचा अर्थ अर्धाच कळलेला असतो. तो उघडला की ती फट बुजते आणि त्या पानावर नव्या चार फटी दिसतात. पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या दोघा संशोधकांनी १९९० च्या दशकात याची तुलना चरणाऱ्या जनावराशी केली. शेळी एका झुडपाशी तोवर थांबते जोवर पाला सहज मिळतो. पाला विरळ झाला की पुढच्या झुडपाकडे जाते. रानात दोन झुडपांमध्ये अंतर असते, चालावे लागते, म्हणून शेळी जरा टिकून चरते. फोनवर पुढचे झुडूप अंगठ्याच्या एका हालचालीवर आहे.

ही ओढ मेंदूच्या कोणत्या भागात उमटते, तेही पाहिले गेले आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्कॅनरमध्ये झोपवून सामान्यज्ञानाचे ४० प्रश्न दाखवले. ज्या प्रश्नाचे उत्तर जाणून घ्यायची फार उत्सुकता होती, त्या वेळी मेंदूतला कॉडेट नावाचा भाग अधिक सक्रिय झाला. बक्षिसाची चाहूल लागते तेव्हा काम करणारा हा भाग. म्हणजे उत्तराची वाट पाहणे हे मेंदूला गोड खाऊची वाट पाहण्यासारखेच वाटते. २०१४ चा डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला प्रयोग याहून गमतीचा आहे. प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंतच्या मधल्या काही सेकंदांत पडद्यावर एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवला. त्या चेहऱ्याचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता. तरी जिथे प्रश्न कुतूहलाचा होता तिथले चेहरे लोकांना नंतर अधिक चांगले आठवले. कुतूहल जागे असताना मेंदूचे दार उघडे असते आणि शेजारून जाणारी गोष्टही आत येते.

शिक्षकांनी हा प्रयोग आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. मूल एखाद्या भलत्याच गोष्टीने भारावलेले असते त्या क्षणी त्याला भूमितीचे प्रमेयही सोपे जाऊ शकते. इथे बहुतेक वेळा उलटे होते : आधी प्रमेय पाठ कर, मग डायनासोर.

आता हे भटकणे सगळ्यांचे एकसारखे नसते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १४९ जणांना २१ दिवस रोज १५ मिनिटे विकिपीडियावर मनाला येईल तसे फिरायला सांगितले आणि कोण कोणत्या पानावरून कुठे गेले याचे नकाशे काढले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन तऱ्हा ठळक दिसल्या. एक शिकाऱ्याची : एका विषयाचा माग काढत त्याच्या आसपासचीच पाने वाचायची, फट बुजवल्याशिवाय चैन पडू द्यायचे नाही. दुसरी भोचक शेजाऱ्याची : आज क्रिकेट, मग ज्वालामुखी, मग कोण्या राणीचे लग्न, कशाचा कशाशी संबंध नाही. २०२४ मध्ये याच गटाने विकिपीडियाच्या मोबाइल अॅपवरच्या ५० देशांतल्या आणि १४ भाषांतल्या ४,८२,७६० वाचकांची वाट तपासली. त्यात तिसरी तऱ्हाही दिसली, नर्तकाची : दूरदूरच्या विषयांमध्ये उडी मारून त्यांना जोडणारा वाचक. मलिक अंबरावरून कॅफीनवर जाणारी सिडकोतली बाई बहुधा याच जातीची.

या मोठ्या अभ्यासातला एक निष्कर्ष मराठवाड्यात बसून वाचला की टोचतो. ज्या देशांत शिक्षणाची संधी आणि स्त्री-पुरुष समानता अधिक, तिथले वाचक अधिक मोकळे, भोचक शेजाऱ्यासारखे फिरताना दिसले; जिथे विषमता अधिक तिथले वाचक शिकाऱ्यासारखे, काम धरून वाचत होते. याने कारण आणि परिणाम सिद्ध होत नाही, संशोधकांचाही तसा दावा नाही. पण अर्थ लावायला फार लांब जावे लागत नाही. ज्याला वाचण्यातून नोकरी काढायची आहे त्याला भटकणे परवडत नाही.

जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून या शहरात येऊन राहिलेल्या हजारो मुलामुलींचे दिवस कसे जातात हे पाहिले तर हे पटेल. खोलीचे भाडे, मेसचे पैसे, अभ्यासिकेची फी. टेबलावर स्पर्धा परीक्षेच्या गाइडची चळत आणि प्रत्येक गोष्टीला लावायचा एकच निकष : हे सिलॅबसमध्ये आहे का? नहर-ए-अंबरी सिलॅबसमध्ये असेल तर तिचे साल पाठ करायचे, नसेल तर तिच्या उताराचे गणित कसे जमले असेल हा विचार म्हणजे वेळेचा अपव्यय. ज्या शहराच्या रस्त्यांखालून ती नहर गेली, त्याच शहरातला हुशार मुलगा तिच्याविषयी चार पर्याय आणि एक उत्तर एवढेच जाणतो. यात त्याचा दोष नाही. घरून फोन येतो तेव्हा ‘काय वाचलेस’ असे कोणी विचारत नाही, ‘किती झाले’ असे विचारतात. पण दिवसभर दाबलेले ते ‘कसे’ आणि ‘का’ कुठे जात नाहीत. रात्री खोलीवर दिवा मालवला की ते फोनमधून वर येतात.

घरातल्या बाईचे गणित वेगळे असले तरी उत्तर तेच. सकाळचे डबे, नोकरी किंवा शिकवण्या, संध्याकाळचा स्वयंपाक, सासूबाईंची औषधे. सगळे झोपले की मिळणारा तास हाच काय तो तिचा. वाळूजच्या कारखान्यातून दुसरी पाळी करून आलेल्या कामगाराचेही तेच. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठातल्या फ्लूर क्रूसे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या सवयीला ‘झोपण्याची चालढकल’ असे नाव दिले : झोपायला कोणी अडवत नाही, उशिरा झोपल्याचा त्रास होणार हेही ठाऊक आहे, तरी माणूस झोपायला जात नाही. पुढे चीनमधल्या तरुणांनी त्यात ‘सूड’ हा शब्द जोडला. दिवस मालकाचा झाला, म्हणून रात्र आपली करून घ्यायची. सूड उगवला जातो तो मात्र स्वतःच्याच शरीरावर.

शरीराचा हिशेब कडक असतो. जागे असताना मेंदूत अडेनोसिन साचत जाते आणि झोपेचा दाब वाढवते. झोपेत त्याचा निचरा होतो. रात्री कॉफी-चहा घेतला तर कॅफीन अडेनोसिनच्या जागा अडवून बसते, दाब जाणवत नाही, पण तो गेलेला नसतो. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, असे अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून सांगितले. फोनच्या उजेडावर पुष्कळ लिहिले जाते. त्यामागे प्रयोग आहेत. २०१५ च्या एका अभ्यासात पाच रात्री झोपेआधी चार तास उजेडाच्या पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली आणि शरीराचे घड्याळ दीड तास मागे सरकले. पण सहभागी होते फक्त १२ जण आणि चार तास म्हणजे फार झाले. उजेडाला सगळा दोष देऊन निळा प्रकाश गाळणारे चष्मे विकले जातात, हे जरा अतीच होते. सव्वा वाजेपर्यंत जागवणारी गोष्ट उजेड नव्हती. ती गोष्ट गटेच्या कॉफीच्या बियांची होती, आणि तिच्यापुढे चष्मा काय करणार?

या जागरणातली खरी विसंगती वेगळी आहे. दिवसभरात शिकलेल्या गोष्टी मेंदू झोपेतच पक्क्या करतो. हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात तात्पुरते ठेवलेले सामान झोपेत मेंदूच्या कायमच्या कोठारात लावले जाते, असे आजचे शास्त्र सांगते. कुतूहलाने दार उघडले, माल आत आला, आणि रचून ठेवण्याची वेळ आली तेव्हा हमालांना सुट्टी दिली. सकाळी त्या बाईंना मलिक अंबर आठवतो, रुंगचे नाव आठवत नाही, आणि ‘काल काहीतरी भारी वाचले होते’ एवढेच उरते.

‘काहीतरी भारी वाचले’ ही भावनाही तपासून घ्यायला हवी. येल विद्यापीठातल्या मॅथ्यू फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की इंटरनेटवर उत्तरे शोधून आलेल्या लोकांना स्वतःचे ज्ञान आहे त्यापेक्षा जास्त वाटू लागते, आणि तेही ज्या विषयाचा शोध घेतलाच नाही त्याबाबत. कपाट उघडे होते म्हणून आतले दागिने आपले, असा हा समज. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर लसीकरणापासून धरणाच्या पाणीसाठ्यापर्यंत सगळ्यावर ठाम बोलणाऱ्यांची संख्या का वाढली, याचे थोडे उत्तर इथे असावे.

भटकण्याचा एक प्रकार मात्र आनंदाचा नाहीच. छातीत किंचित दुखले, डोळ्याची पापणी फडफडली, आणि रात्री अकराला शोध सुरू झाला. मायक्रोसॉफ्टमधल्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसले की साध्या लक्षणाचा शोध घेणारे लोक पाहता पाहता दुर्मीळ आणि गंभीर आजारांपर्यंत जातात. डोकेदुखीवरून मेंदूतल्या गाठीपर्यंत. कारण साध्या डोकेदुखीवर लिहिण्यासारखे फार नसते, गाठीवर भरपूर असते. इथेही फट आहे, पण ती वाचून बुजत नाही, कारण उत्तर पानात नसून तपासणीत आहे. अशा शोधाला कुतूहल म्हणू नये. ती भीती आहे आणि तिच्यासाठी ओळखीचे डॉक्टर आहेत. छातीत दाब, डाव्या हाताकडे जाणारी कळ, घाम असे काही असेल तर शोधत बसू नये, रात्रीच दवाखाना गाठावा.

पूर्वी माणसे अशी हरवत नसत, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. १९२० च्या दशकात श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड तयार झाले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईत मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड आला. ‘कापूस’ बघायला खंड उघडायचा आणि तासाभराने भलत्याच नोंदीत सापडायचे, हा अनुभव जुन्या वाचकांना नवा नाही. फरक एवढाच की तो खंड जड होता. मांडीवर रग लागायची. ग्रंथालयाची वेळ संपली की शिपाई खिडक्या लावायला लागायचा आणि वाचकाला उठावे लागायचे. २००६ मध्ये एझा रास्किन या संगणक-रचनाकाराने पान न संपता खाली सरकतच राहील अशी रचना घडवली. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. तो शिपाई तिथे नाहीसा झाला. रीलचे वेगळेपण इथेच आहे. विश्वकोशात किंवा विकिपीडियावर पुढचा दरवाजा वाचक निवडतो, निदान प्रश्न तरी त्याचा असतो. रीलमध्ये पुढचे काय ते यंत्र ठरवते आणि प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. गटेच्या बिया तिथेही येतील, पण त्यांच्या आधी नाच आणि नंतर भांडण असेल.

दोन्हीही आज त्याच फोनवर आहेत आणि विश्वकोश तर फुकट वाचायला मिळतो, हे विसरून ‘फोन बंद करा’ म्हणण्यात अर्थ नाही. त्याऐवजी तो शिपाई परत आणता येतो का, हे पाहावे. सगळ्यात स्वस्त उपाय उशाशी वही-पेन्सिल हा आहे. रात्री प्रश्न सुचला की उघडायचा नाही, लिहायचा : ‘नहरीतला गाळ कसा काढत?’ बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये ५७ तरुणांवर झालेल्या प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटे पुढची कामे कागदावर लिहून काढणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. तिथे कामे होती, प्रश्न नव्हते. पण मनात लोंबकळणारी गोष्ट कागदावर टांगली की मन तिला सोडते, हे तत्त्व दोन्हीकडे लागू पडावे. फोन गजरासाठी उशाशी लागतो असे म्हणणाऱ्यांनी एक साधे गजराचे घड्याळ आणावे. गुलमंडीत मिळते.

आणि दिवसा अर्धा तास. दुपारच्या चहाबरोबर, जेवणाच्या सुट्टीत, ज्याला जमेल तेव्हा. वहीतला एक प्रश्न घ्यायचा आणि खुशाल हरवायचे. बाईंच्या वाट्याला हा अर्धा तास यायचा तर संध्याकाळची कणीक दुसऱ्या कोणी तरी मळायला हवी, हे घरातल्यांनी ओळखावे. नुसत्या संकल्पाने तो मिळत नाही. उरलेले काम रात्रीच्या जेवणावर होते. वाचलेले न बघता कोणाला तरी सांगायचे. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवले की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून मांडण्याने गोष्ट आठवडाभरानंतर अधिक टिकते. सांगताना कुठे अडखळले तेही कळते, म्हणजे ज्ञानाचा खोटा फुगवटा आपोआप उतरतो. घरातला मुलगा कंटाळला तर कंटाळू द्यावा. शेजारून जाणारे चेहरेही लक्षात राहतात, हे वर आलेच आहे.

अभ्यासिका चालवणाऱ्यांना याहून सोपे आहे. भिंतीवर एक फळा आणि त्यावर कोणीही लिहावा असा रोजचा एक प्रश्न, सिलॅबसबाहेरचा. संध्याकाळी पंधरा मिनिटे त्यावर बोलणे. पेनसिल्व्हेनियाच्या प्रयोगातही रोजची पंधराच मिनिटे होती. परीक्षेचा निकाल याने बिघडेल असे मानायला काही आधार नाही, आणि ज्या तरुणांची पाच-सहा वर्षे या खोल्यांत जातात त्यातले सगळे काही अधिकारी होणार नाहीत. निकालानंतरही त्यांच्याकडे काहीतरी उरावे लागेल.

झोप आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ बिघडलेली असेल तर तो निद्रानाश आहे आणि वही-पेन्सिलीने तो जाणार नाही. वाचण्यात गंमत उरली नाही, फक्त विचारांपासून पळण्यासाठी वाचले जाते, असे वाटत असेल तरीही मदत घ्यावी. घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते.

आता ते १८१९ साल. त्या वर्षी २८ एप्रिलला मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी अजिंठ्याच्या डोंगरात आला होता. गावकऱ्यांना ठाऊक असलेल्या, बाहेरच्या जगाला विसर पडलेल्या लेण्यांची कमान त्याला दरीपलीकडून दिसली. वाघाचे काय झाले कोण जाणे. शिकारी शिकार सोडून भोचक शेजारी झाला आणि दहाव्या लेण्यात शिरला. तिथल्या खांबावर, चित्रावरच, त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. हा उद्योग मात्र आज कोणी करू नये. अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटर आहे आणि सोमवारी बंद असते. वेरूळ तीस किलोमीटर, ते मंगळवारी बंद. रविवारी दहाव्या लेण्यात गेलेल्यांना ते नाव डोळ्यांच्या रेषेत सापडत नाही. स्मिथ उभा होता तेव्हा खाली माती-दगडांचा ढीग साचलेला होता, तो आता काढलेला आहे. त्यामुळे मान थोडी वर करून शोधावे लागते.